काय, कुठे आणि कोण: एपीआय चाचणीचा वर्कस्पेस मांडताना

नव्या टेस्टरला पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळतो आणि ‘आपला पोस्टमनचा वर्कस्पेस एकदा बघून घे’ असं सांगितलं जातं. तो उघडतो, तर आत ‘न्यू कलेक्शन’, ‘न्यू कलेक्शन कॉपी’, ‘लॉगिन फायनल’, ‘लॉगिन फायनल २’, ‘यूएटी जुनं वापरू नये’ अशी नावं एकाखाली एक उभी असतात. यांतलं नेमकं काय चालतं हे ज्याला ठाऊक होतं, तो दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. मग नवा माणूस एकेक रिक्वेस्ट दाबून बघतो. निम्म्यांना ४०१ येतो, उरलेल्या कधीच बंद पडलेल्या सर्व्हरकडे जातात. शेवटी तोही आपलं एक ‘न्यू कलेक्शन’ उघडतो आणि कामाला लागतो.

वसईच्या विद्यावर्धिनी अभियांत्रिकी महाविद्यालयातून, विरारच्या विवा इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी अनेक जण पहिली नोकरी टेस्टिंगमध्ये धरतात. कुणी अंधेरीला सीप्झमध्ये जातं, कुणी गोरेगाव-मालाडला, कुणी घराजवळच्याच पाच-सात जणांच्या ऑफिसात. एपीआय म्हणजे काय, गेट आणि पोस्टमध्ये फरक काय, हे त्यांना शिकवलेलं असतं. वर्कस्पेस कसा मांडायचा हे मात्र कुणी शिकवत नाही, आणि चाचणीचं अर्धं यश त्या मांडणीत असतं असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा लेख.

उदाहरण आपल्याच गावचं घेऊ. समजा, नालासोपारा-विरार पट्ट्यातल्या सोसायट्यांसाठी पाण्याचा टँकर मागवण्याचं ॲप तयार होतंय. सोसायटीचा सचिव मोबाइलवर ओटीपी टाकून आत येतो, टँकर मागवतो. टँकरमालक ती मागणी स्वीकारतो आणि चालक नेमतो. यूपीआयने पैसे भरले जातात, आणि टँकर पोहोचला की पावती येते. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक बटणामागे ॲप आणि सर्व्हर यांच्यातला एक संवाद असतो, आणि आपण तपासतो तो हा संवाद. ॲपचा पडदा तयार व्हायच्याही आधी.

साधन कुठलं घ्यायचं यावर फार वेळ घालवू नका. पोस्टमन सगळ्यांच्या ओळखीचा. अभिनव अस्थाना यांनी २०१२ मध्ये क्रोम ब्राउझरची जोड म्हणून तो लिहिला, आणि २०१४ मध्ये अंकित सोबती आणि अभिजित काणे यांच्यासह बेंगळुरूत त्याची कंपनी उभी केली. ब्रूनो हे अनुप एम. डी. यांनी सुरू केलेलं खुल्या सोर्सचं साधन. त्यात सगळं काम तुमच्याच मशीनवर साध्या मजकुराच्या फायलींमध्ये राहतं. केरळच्या लियास थॉमस यांचं हॉपस्कॉच थेट ब्राउझरमध्ये चालतं. तिन्ही आपल्याच देशात जन्मलेली आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. बटणं वेगळ्या ठिकाणी असतील, पण पुढे सांगतोय ती मांडणी तिन्हींत जमते. मोफत योजनेत किती माणसं चालतात, किती वेळा कलेक्शन चालवता येतं, या मर्यादा मात्र वरचेवर बदलतात. टीम एखाद्या साधनात बसवण्याआधी त्या दिवशीचं किंमतपत्रक वाचा.

आता मूळ मुद्दा. प्रत्येक रिक्वेस्टमध्ये तीन गोष्टी गुंतलेल्या असतात: आपण काय मागतोय, कुठल्या सर्व्हरकडे मागतोय, आणि कोण म्हणून मागतोय. गोंधळलेल्या वर्कस्पेसमध्ये या तिन्ही एकाच ओळीत कोंबलेल्या असतात. पत्त्यात सर्व्हरचं नाव लिहिलेलं, हेडरमध्ये कुणाचं तरी टोकन चिकटवलेलं. सर्व्हर बदलला की साठ रिक्वेस्ट हाताने बदला, टोकन संपलं की पुन्हा साठ. ‘काय’ कलेक्शनमध्ये, ‘कुठे’ एन्व्हायर्नमेंटमध्ये आणि ‘कोण’ टोकनच्या व्हेरिएबलमध्ये, अशी फारकत केली की यातला बराचसा त्रास पहिल्याच दिवशी संपतो.

वर्कस्पेस किती करायचे? एका प्रणालीला एक. माणशी एक नको, दर स्प्रिंटला एक तर नकोच. वालीव-सातिवलीच्या एखाद्या कारखान्याचं बिलिंग आणि हे टँकरचं ॲप अशी दोन कामं एकाच छोट्या ऑफिसात चालू असतील, तर दोन वेगळे वर्कस्पेस हवेत. एका ग्राहकाच्या कामावरचा माणूस दुसऱ्याच्या चाव्या पाहू शकता कामा नये, हे त्यामागचं कारण. स्वतःच्या धडपडीसाठी प्रत्येकाने खासगी वर्कस्पेस जरूर ठेवावा. तिथे काहीही नाव द्या, काहीही मोडा. जे चाललं आणि टिकवण्यासारखं आहे तेवढंच सगळ्यांच्या वर्कस्पेसमध्ये आणा.

वर्कस्पेसच्या वर्णनाची चौकट बहुतेक जण रिकामी सोडतात. तिथे थोडंच लिहायचं असतं: ही प्रणाली काय करते, आधी कुठलं एन्व्हायर्नमेंट निवडायचं, पहिली कुठली रिक्वेस्ट चालवायची, चाव्या कुणाकडे मागायच्या, आणि वर्कस्पेसची जबाबदारी कुणाची. लिहून झालं की टीमबाहेरच्या एखाद्याला शेजारी बसवा आणि तोंडातून शब्द न काढता त्याला लॉगिनपासून एक बुकिंग पूर्ण करू द्या. तो जिथे अडतो तिथे वर्णनात एक वाक्य कमी आहे असं समजायचं.

कलेक्शनच्या बाबतीत दोन पंथ आहेत. एक म्हणतो वस्तूनुसार फोल्डर करा: सोसायटी, टँकर, बुकिंग, पेमेंट. दुसरा म्हणतो प्रवासानुसार करा: टँकर मागवला ते पावती मिळाली. माझ्या मते दोन्ही लागतात, आणि ती दोन वेगळी कलेक्शन्स असावीत. पहिलं संदर्भासाठी. त्यात प्रत्येक एपीआय एकदाच येते, तिचा नमुना प्रतिसाद सोबत जतन केलेला असतो, म्हणजे सर्व्हर बंद असतानाही ‘बुकिंगच्या उत्तरात टँकरचा नंबर येतो का’ हे बघता येतं. दुसरं प्रवासांचं. त्यात क्रमांक घातलेली फोल्डर्स: सरळ पार पडलेलं बुकिंग, पैसे भरल्यानंतर रद्द झालेलं बुकिंग, मालकाने नाकारलेलं बुकिंग, पैसे कापले गेले पण पावती आली नाही ते बुकिंग. या शेवटच्या फोल्डरला मी सगळ्यात जास्त वेळ देईन. यूपीआयचं उत्तर उशिरा येणं, एकच मागणी दोनदा जाणं, सचिवाने घाईत बटण दोनदा दाबणं, हे रोज घडणारं आहे. तीच बुकिंगची मागणी लागोपाठ दोनदा पाठवली तर टँकर एकच यायला हवा आणि पैसे एकदाच जायला हवेत. ही चाचणी तुमच्या वर्कस्पेसमध्ये नसेल तर आजच घाला.

रिक्वेस्टला नाव देताना अपेक्षा नावातच लिहा. ‘बुकिंग कॅन्सल ३’ यावरून काहीच कळत नाही. ‘बुकिंग रद्द, टँकर निघाल्यानंतर, ४०९ अपेक्षित’ यावरून सगळं कळतं, आणि रात्री आपोआप चाललेल्या चाचणीचा अहवाल सकाळी वाचताना अशा नावांचा खरा उपयोग होतो. नावं कुठल्या भाषेत? टीममधल्या प्रत्येकाला वाचता येईल त्या. सगळे मराठी असतील तर मराठीत खुशाल लिहा, साधनांना देवनागरी चालते.

एन्व्हायर्नमेंट म्हणजे ‘कुठे’. स्वतःचं मशीन, डेव्हलपमेंट, यूएटी आणि प्रॉडक्शन अशी चार साधारण असतात. चारही ठिकाणी व्हेरिएबलची नावं अक्षर न् अक्षर सारखी ठेवा, किमती तेवढ्या वेगळ्या. पोस्टमनमध्ये एकच नाव ग्लोबल, कलेक्शन आणि एन्व्हायर्नमेंट अशा अनेक पातळ्यांवर असू शकतं, आणि ज्याची व्याप्ती कमी तो जिंकतो: एन्व्हायर्नमेंटची किंमत कलेक्शनच्या किमतीवर मात करते, कलेक्शनची ग्लोबलवर. माझ्या मशीनवर चालतं, तुझ्या मशीनवर नाही, या भांडणाचं मूळ पुष्कळदा कुणीतरी ग्लोबलमध्ये विसरलेल्या एका किमतीत सापडतं. ग्लोबल रिकामंच ठेवा.

प्रॉडक्शनला शक्यतो या वर्कस्पेसमध्ये जागाच देऊ नका. तिथे खरी माणसं आहेत. चुकून गेलेली एक पोस्ट रिक्वेस्ट म्हणजे दहा हजार लिटरचा भरलेला टँकर आचोळ्याच्या एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभा, आणि तिथे कुणी तो मागवलेलाच नाही. चालकाची खेप वाया, आणि ज्या इमारतीला पाणी खरोखर हवं होतं ती कोरडी. प्रॉडक्शनवर काही तपासावंच लागलं तर वेगळा वर्कस्पेस, मोजकी माणसं आणि फक्त वाचणाऱ्या रिक्वेस्ट. जोडीला कलेक्शनच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये एक पहारा बसवा: निवडलेलं एन्व्हायर्नमेंट प्रॉडक्शन असेल आणि रिक्वेस्ट गेट नसेल, तर ती पाठवायचीच नाही. कलेक्शनच्या पातळीवर लिहिलेली स्क्रिप्ट आतल्या प्रत्येक रिक्वेस्टआधी चालते, त्यामुळे हा पहारा एकदाच लिहावा लागतो.

आता ‘कोण’. इथे थोडं थांबू या, कारण सर्वात महागडे बग इथे लपलेले असतात.

बहुतेक वर्कस्पेसमध्ये एकच टोकन असतं आणि ते ॲडमिनचं असतं. ॲडमिनला सगळे दरवाजे उघडे, म्हणून सगळ्या चाचण्या हिरव्या. ॲप बाजारात जातं, आणि मग कळतं की एका सोसायटीच्या सचिवाने बुकिंगचा क्रमांक पत्त्यात एकने वाढवला तर शेजारच्या सोसायटीचं बुकिंग, पत्ता, सचिवाचा मोबाइल नंबर, सगळं दिसतं. एपीआय सुरक्षेतल्या सर्वात मोठ्या दहा धोक्यांची यादी ओवॅस्प ही संस्था काढते. २०१९ च्या यादीत हाच दोष पहिल्या क्रमांकावर होता, २०२३ च्या यादीतही तोच पहिला राहिला. लॉगिन बरोबर असतं, टोकन खरं असतं. फक्त ‘हे बुकिंग याचं आहे का’ हा प्रश्न विचारायचा सर्व्हर विसरलेला असतो.

यावर उपाय मांडणीत आहे. टँकरच्या ॲपसाठी निदान पाच टोकनं हवीत: सचिव, टँकरमालक, चालक, दुसऱ्याच सोसायटीचा सचिव, आणि मुदत संपलेलं एक. सुरुवातीला ‘लॉगिन’ नावाचं फोल्डर ठेवा. त्यातल्या रिक्वेस्ट प्रत्येक भूमिकेचं ताजं टोकन मिळवतात आणि स्क्रिप्ट ते व्हेरिएबलमध्ये ठेवते. पुढच्या प्रत्येक फोल्डरला एकेका भूमिकेचं टोकन लावा, आतल्या रिक्वेस्टना ते वारशाने मिळतं. मग प्रत्येक प्रवासाच्या शेवटी ‘परका’ असं एक फोल्डर करा. त्यात त्याच रिक्वेस्ट दुसऱ्या सोसायटीच्या टोकनने जातात आणि प्रत्येकीला ४०३ किंवा ४०४ आलाच पाहिजे. इथे कुठेही २०० आला तर हातातलं बाकी काम बाजूला ठेवून डेव्हलपरला बोलवा. चालकाच्या टोकनने दर बदलता येतो का, मालकाच्या टोकनने सोसायटीचं पेमेंट परत करता येतं का, हेही याच फोल्डरमध्ये. मुलाखतीत मी कुणाचा वर्कस्पेस पाहायला मागितला तर सर्वात आधी हे फोल्डर शोधेन.

चाव्या आणि पासवर्ड कुठे ठेवायचे, हा ‘कोण’चाच पुढचा भाग. २०२४ च्या डिसेंबरमध्ये बेंगळुरूच्या क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने आपला अहवाल मांडला: पोस्टमनचे ३०,००० हून अधिक वर्कस्पेस कुणालाही पाहता येतील असे उघडे होते आणि त्यांतून टोकनं, एपीआयच्या चाव्या आणि इतर गोपनीय माहिती बाहेर पडत होती. हे व्हायला हॅकर लागत नाही. कुणीतरी सोयीसाठी वर्कस्पेस ‘पब्लिक’ करतो आणि चावी आतच राहते, एवढं पुरतं. म्हणून प्रत्येक किमतीबद्दल स्वतःला विचारा: ही माझ्या मशीनपुरती आहे की सर्व्हरवर जाऊन सगळ्यांना दिसते? पोस्टमनच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ‘इनिशियल’ आणि ‘करंट’ असे दोन रकाने असत. इनिशियलमधलं सगळ्या टीमकडे जाई, करंटमधलं तुमच्यापाशी राही, आणि लोक नेमकी चावी इनिशियलमध्ये टाकत. आता चाव्यांसाठी वेगळा व्हॉल्ट आहे, तो वापरा. ब्रूनोमध्ये व्हेरिएबल गुप्त म्हणून खूण केलं की त्याची किंमत फायलीत उतरत नाही.

चावी उघडी पडलीच तर ती पुसून भागत नाही. गिटच्या इतिहासात ती तशीच असते, कुणी आधीच उतरवूनही घेतलेली असू शकते. ती रद्द करून नवी काढा, तीही त्याच दिवशी. आणि कृपा करून टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिक्वेस्टचा स्क्रीनशॉट टाकण्याआधी हेडरचा रकाना बंद करा. असे फोटो वर्षानुवर्षं वीस जणांच्या फोनमध्ये पडून राहतात.

चाचणीसाठी प्रॉडक्शनचा डेटा जसाच्या तसा उचलून आणायची सवय आपल्याकडे फार आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडापेक्षाही मोठी गोष्ट अशी की सचिवाने आपला नंबर पाण्यासाठी दिलेला असतो, आपल्या सरावासाठी नव्हे. मनाने दहा आकडे जुळवून नंबर बनवणंही धोक्याचं. तो नंबर कुणाचा तरी असतोच, आणि त्या बिचाऱ्याच्या फोनवर ओटीपींचा मारा सुरू होतो. चाचणीच्या सर्व्हरवर एसएमएस पाठवणं बंद करून ठरावीक ओटीपी चालेल अशी सोय डेव्हलपरकडून आधीच करून घ्या.

खोटा डेटा बनवायचा म्हणजे गुळगुळीत बनवायचा असं मात्र नाही. वसई-विरारचा डेटा तर मुद्दाम खडबडीत हवा. नालासोपारा रोमन लिपीत एका एलने लिहितात, दोन एलनेही लिहितात, जोडून लिहितात, तोडूनही लिहितात. रेल्वेच्या पश्चिमेला पिनकोड ४०१२०३ आणि पूर्वेला ४०१२०९, आणि पत्त्यात पूर्व-पश्चिम नसेल तर टँकर चुकीच्या बाजूला उतरतो. वसई रोड स्थानकाचा रेल्वेतला संकेत आजही जुन्या बसीन नावावरून आलेला बीएसआर हाच आहे. महापालिका २००९ मध्ये झाली, त्याआधीच्या कागदांवर वेगवेगळ्या नगरपरिषदांची नावं आहेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे जुन्या सोसायटीच्या कागदपत्रांवर ‘जिल्हा ठाणे’ छापलेलं असतं. तुमची एपीआय असा पत्ता नाकारते का? आणि आडनावं. वसईत डिसोझा, डिसिल्वा, डाबरे, लोपीस घरोघरी. रोमन लिपीत डिसोझा लिहिताना डी नंतर वरचा स्वल्पविराम येतो, आणि डेटाबेसची क्वेरी निष्काळजीपणे लिहिलेली असेल तर एवढ्याशा चिन्हाने सर्व्हर ५०० फेकतो. असा ५०० म्हणजे सुरक्षेचं भगदाड असल्याचीही खूण असते. ‘बी/३०४’ मधली तिरकी रेघ, सोसायटीच्या नावातलं ‘अँड’चं चिन्ह, देवनागरीत भरलेलं नाव, या सगळ्याची एक सीएसव्ही फाइल करा. कलेक्शन रनर तिच्यातली एकेक ओळ उचलून तीच चाचणी पुन्हा पुन्हा चालवतो. ही फाइल वर्कस्पेसइतकीच मोलाची असते. दर बगनंतर तिच्यात एक ओळ वाढवत चला.

नेट गेल्यावर काय, हाही मांडणीचा प्रश्न आहे. भाईंदरच्या खाडीपुलावर रोज जाणारा सिग्नल सोडून द्या. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारला पाणी भरलं तेव्हा लोकल बंद झाल्या आणि वीजही गेली. २० ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधली ॲमेझॉनची क्लाउडसेवा कोलमडली तेव्हा पोस्टमनही अडखळला, आणि स्वतःच्याच मशीनवरचा सर्व्हर तपासणारी माणसं हात बांधून बसली. ब्रूनोसारख्या साधनात सगळं आधीपासूनच डिस्कवर असतं. पोस्टमन वापरत असाल तर कलेक्शन दर आठवड्याला जेसन स्वरूपात एक्स्पोर्ट करून प्रकल्पाच्या गिटमध्ये ठेवा. कलेक्शन, एन्व्हायर्नमेंट, डेटा अशी तीन फोल्डर्स आणि वर्णनाची एक फाइल एवढं बास. एन्व्हायर्नमेंट एक्स्पोर्ट करताना त्यात किमतीही बाहेर येतात, म्हणून फाइल गिटमध्ये टाकण्याआधी उघडून डोळ्यांखालून घाला.

गिटमध्ये आल्याचा दुसरा फायदा मोठा आहे. न्यूमन हे पोस्टमनचं कमांडलाइनवरचं साधन तीच जेसन फाइल घेऊन रात्री सर्व्हरवर सगळ्या चाचण्या चालवतं, आणि एक जरी फसली तरी नवं बिल्ड तिथेच अडवता येतं. ब्रूनोलाही अशी सोय आहे. शिवाय कुणी अपेक्षित ४०३ च्या जागी गुपचूप २०० लिहिला तर तो बदल दुसऱ्याच्या नजरेस येतो.

वर्कस्पेसला एक धनी नेमा. त्याने शुक्रवारी अर्धा तास काढून बंद झालेल्या एपीआय ‘निवृत्त’ फोल्डरमध्ये तारीख घालून हलवाव्यात आणि दोन महिन्यांत कुणी विचारलं नाही तर पुसाव्यात. टीममधलं कुणी सोडून चाललं की त्याच दिवशी त्याचा प्रवेश काढायचा आणि त्याला माहीत असलेल्या चाव्या बदलायच्या. यात अविश्वास नाही. पुढे काही गळलं तर संशय त्याच्यावर जाऊ नये, यातच त्याचंही हित आहे.

कॉलेजात असाल आणि हातात प्रकल्प नसेल, तर या टँकरच्या ॲपची एपीआय तुम्हीच लिहा. आठ-दहा रिक्वेस्ट पुरेत. तिचं संदर्भ कलेक्शन, चार प्रवास, ‘परका’ फोल्डर आणि खडबडीत डेटाची फाइल गिटवर ठेवा आणि मुलाखतीच्या अर्जात तिचा दुवा द्या. तो दुवा सार्वजनिक करण्याआधी गिटचा पूर्ण इतिहास एकदा चाळा. पहिल्या दिवशी घाईत टाकलेली चावी तिथे पडलेली असेल, तर ती रद्द करा आणि मगच दुवा पाठवा.